चार्ज घेताना काय मोजायचं?

पांढुर्णा म्हटलं की आपल्याकडच्या लोकांना आठवली तर एकच गोष्ट आठवते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव आणि मध्ये दगडांचा पाऊस. माझी मावसबहीण तिथे दिली आहे, त्यामुळे मला ते गाव ठाऊक आहे ते संत्र्यांसाठी आणि तिथल्या मराठीसाठी. पाट्या हिंदीत, कचेरी हिंदीत, पण ओट्यावर बसलेल्या बायका बोलतात ती नागपुरी वळणाची अस्सल मराठी. १९५६ पर्यंत नागपूर हीच त्यांच्या राज्याची राजधानी होती. मग राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा झाला. भाषेचं मात्र होतं तेच.

गेल्या खेपेला बहिणीच्या मुलीशी गप्पा मारत होते. बी.ए.ला आहे, हुशार आहे. वर्गात बोलतेस की नाही, असं सहज विचारलं. म्हणाली, "नाही ना मावशी. हिंदीत बोलाले उभी राह्यली का तोंडातून 'काऊन' निघते, अन् सारे हासतात." मग थोडं थांबून म्हणाली, "माही मैत्रीण तर गोंडाची आहे. तिले हिंदीबी उसनी अन् मराठीबी उसनी. ते तर हजेरीलेच काय तोंड उघडते."

गंमत बघा. छिंदवाड्याच्या विद्यापीठाला नाव आहे राजा शंकर शाह यांचं. १८५७ मध्ये इंग्रजांनी ज्यांना तोफेच्या तोंडी दिलं, ते गोंड राजे. नाव योग्यच आहे. पण पाटीवर नाव लावायला शासनाचा एक आदेश पुरतो. वर्गात त्या मुलीने तोंड उघडावं म्हणून कुठला आदेश काढणार?

आता माझी गोष्ट सांगते. बी.ए. झाल्यावर मी एम.ए.ला नाव घातलं होतं. मी पेडण्याकडची, मराठी शाळेतून आलेली. विभागात मला कोणी कधी वाईट बोललं नाही. फक्त महत्त्वाची चर्चासत्रं आणि पाहुण्यांची व्याख्यानं दुपारी चारनंतर असत आणि आमच्या गावाची शेवटची बस साडेचारला सुटे. मी उठून जायची. दोन-तीनदा गेल्यावर "हिला रस नाही" असा शिक्का बसला. अंतर्गत गुण तसेच पडले. वर्ष संपायच्या आत मी एम.ए. सोडलं आणि पुढे परीक्षा देऊन कारकून झाले. दोन वर्षांनी त्या विभागाचे प्रमुख बदलले. नवे सर स्वतः खेड्यातून बसने येऊन शिकलेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ती सत्रं सकाळी आणली. नियम बदलला नव्हता, परिपत्रक आलं नव्हतं. खुर्चीतला माणूस तेवढा बदलला होता.

म्हणूनच नुसत्या नियमांवर माझा विश्वास नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे नियम २०१२ मध्येच केले. समान संधी कक्ष हवा, भेदभावविरोधी अधिकारी हवा, सगळं कागदावर आलं. तरी २०१९ मध्ये रोहित वेमुला आणि जळगावची डॉ. पायल तडवी यांच्या आयांना हे नियम प्रत्यक्षात आणा म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. जानेवारी २०२६ मध्ये आयोगाने नवे नियम आणले आणि त्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. त्या वादात मी शिरत नाही. माझं म्हणणं एवढंच, की नियम शेवटी ज्या टेबलावर येऊन पडतो ते टेबल विभागप्रमुखाचं असतं. वेळापत्रक तोच लावतो, मार्गदर्शक तोच वाटून देतो, अंतर्गत गुणांवर सही त्याचीच. आणि हे पद बऱ्याच ठिकाणी ज्येष्ठतेनुसार पाळीपाळीने मिळतं. उत्तम संशोधक असणं वेगळं आणि वीस माणसांना न्यायाने वागवणं वेगळं. हे दुसरं काम त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

"पण प्राध्यापकांना शिकवणार कोण?" असं लगेच विचारतील. प्राध्यापकच. अमेरिकेत एमआयटीमध्ये नॅन्सी हॉपकिन्स या शास्त्रज्ञ बाईंनी टेप घेऊन प्रयोगशाळा मोजल्या आणि स्त्री-प्राध्यापकांना जागा कमी मिळते हे दाखवलं. १९९९ च्या अहवालानंतर संस्थेनेही ते मान्य केलं. पुढे २००२ मध्ये मिशिगन विद्यापीठाने ज्येष्ठ प्राध्यापकांचीच एक समिती केली. नेमणुका करताना आपल्या नकळत कुठे अन्याय होतो, हे ती सहकाऱ्यांना समजावून सांगे. बाहेरच्या तज्ज्ञाचं न ऐकणारा माणूस बरोबरीच्याचं ऐकतो.

आपल्याकडेही प्राध्यापकांची प्रशिक्षण केंद्रं १९८० च्या दशकापासून आहेत. २०१९ मध्ये 'लीप' नावाचा नेतृत्वाचा कार्यक्रमही सुरू झाला. पण प्रशिक्षण म्हणजे काय असतं हे मी सरकारी नोकरीत राहून पाहिलं आहे. चहा, बिस्किटं, एक फाइल, समारोपाचा फोटो आणि बढतीच्या कागदांना जोडायला प्रमाणपत्र. तसलं आणखी एक नको.

मला सुचतं ते अगदी कारकुनी आहे. आमच्या कचेरीत चार्ज घेताना डेड स्टॉक रजिस्टर पुढे ठेवतात. कपाटं किती, खुर्च्या किती, त्यांतल्या मोडक्या किती, हे मोजल्याशिवाय सही होत नाही. विभागप्रमुखही पंखे आणि संगणक मोजून सही करत असतील. त्यांच्यापुढे आणखी एक वही ठेवा. गेल्या पाच वर्षांत किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण मध्येच गेले, ते कुठून येत होते, घरी कुठली भाषा बोलत होते आणि का गेले. कोणाला कोणता मार्गदर्शक मिळाला आणि अंतर्गत गुण कसे पडले, हेही त्यातच. प्रशिक्षण या वहीवरच घ्या, खुर्चीत बसण्याआधी, स्वतःच्या विभागाचे आकडे समोर ठेवून. विभागाची बदनामी होईल म्हणून कोणी ती कपाटात लपवेलही. म्हणून ती पुढच्या प्रमुखाच्या हाती गेल्याशिवाय चार्ज सुटू नये.

चांगला माणूस खुर्चीत आला तर हे सगळं न सांगता होतं, हे मी पाहिलं आहे. पण तो दोन वर्षं उशिरा आला तर काय होतं, तेही पाहिलं आहे. माझ्या विभागात तशी वही असती तर एका ओळीत एवढंच लिहिलं असतं: शेवटची बस साडेचारची.

निघताना भाची स्टेशनवर सोडायला आली होती. तिला म्हटलं, "काऊन" आलं तर येऊ दे, तू बोल. ती नुसती हसली. गाडी सुटल्यावर वाटलं, हे तिला मावशीने नव्हे, तिच्या विभागप्रमुखांनी सांगायला हवं होतं. आणि भर वर्गात.