मिरचीच्या मुळांना आधी गारवा हवा

घरगुती हायड्रोपोनिक्सचा, म्हणजे मातीऐवजी पाण्यात विरघळवलेल्या अन्नद्रव्यांवर झाडे वाढवण्याच्या पद्धतीचा, प्रसार आता महानगरांतील गच्च्यांपुरता उरलेला नाही. जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही नळ्यांचे, मनोऱ्यांचे संच दिसू लागले आहेत. या प्रसारात एक मूळचीच विसंगती आहे, ती अशी की बाजारात मिळणारे बहुतेक संच लेट्यूस, पालक, तुळस अशा पानांच्या पिकांसाठी आखलेले असतात आणि संच घेणाऱ्या मराठी कुटुंबाला मात्र त्यात सर्वांत आधी मिरची लावायची असते. पालेभाजी महिना-दीड महिन्यात काढून घेतली की नळी धुऊन मोकळी होते. मिरचीचे झाड तेच मूळ घेऊन आठ-दहा महिने उभे राहते, फांद्यांचा व फळांचा भार वाहते आणि मुळांचा असा दाट जुडगा तयार करते की अरुंद नळीतला पाण्याचा प्रवाहच अडतो. पीक आणि यंत्रणा यांचा मेळ न घालता केलेल्या खर्चाचे खापर पुढे बियाण्यावर किंवा खतावर फोडले जाते.

परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरी हे गाव या प्रश्नाची कसोटी म्हणून घेण्याजोगे आहे. काळी कापसाची जमीन, उन्हाळ्यात ४२-४३ अंशांच्या पुढे जाणारा पारा, हिवाळ्यात काही वर्षी पाच अंशांखाली उतरणारी रात्र, बेसॉल्ट खडकातील बोअरचे जड पाणी आणि वळवाच्या वादळात हमखास जाणारी वीज, ही सारी परिस्थिती येथे एकत्र आढळते. शिवाय १९७२ साली स्थापन झालेले आणि आता वसंतराव नाईक यांचे नाव धारण करणारे मराठवाडा कृषी विद्यापीठ याच परभणी तालुक्यात आहे, आणि ‘परभणी तेजस’ हा मिरचीचा वाण त्याच विद्यापीठाचा आहे. जी पद्धत झरीच्या गच्चीवर मे महिना काढू शकते ती मराठवाड्यात कोठेही चालेल. जी पुण्याच्या सावलीतल्या बाल्कनीत चालते ती झरीत चालेलच असे नाही.

मातीविना शेतीविषयी एक जुना इशारा येथे नोंदवणे आवश्यक आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विल्यम गेरिक यांनी १९३०च्या दशकात ही पद्धत लोकप्रिय केली, तेव्हा तिच्याभोवती चमत्काराच्या कथा उभ्या राहिल्या, आणि त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन यांनी १९३८ मध्ये त्या तपासून असे मांडले की प्रकाश, तापमान व अन्नद्रव्ये सारखीच मिळाली तर चांगल्या मातीतील आणि पाण्यातील उत्पन्नात मोठा फरक पडत नाही. ज्यांच्या नावाचे अन्नद्रावण आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते, त्यांचाच हा निष्कर्ष आहे, याचा विसर विक्रेत्यांना सोयीस्करपणे पडलेला असतो. भारतापुरते पाहिले तर शोल्टो डग्लस यांनी १९४०च्या दशकात तेव्हाच्या दार्जिलिंग जिल्ह्यातील कालिम्पाँग येथे ‘बंगाल पद्धत’ म्हणून जी रीत बसवली, तिचा भर महागड्या यंत्रांवर नव्हता. खडी-वाळूसारखे माध्यम आणि सहज मिळणारी खते यांवर ती उभी होती. आजच्या घरगुती उत्पादकाला त्या काटकसरीतून शिकण्यासारखे अधिक आहे.

मिरचीच्या बाबतीत यशापयश ठरते ते मुळांच्या तापमानावर. मूळ श्वास घेते, त्यासाठी त्याला पाण्यात विरघळलेला प्राणवायू लागतो, आणि पाणी जसे तापते तशी त्याची प्राणवायू धरून ठेवण्याची क्षमता घटते: २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात, तर ३५ अंशांना जेमतेम सात. याच वेळी तापलेल्या मुळाची प्राणवायूची गरज वाढलेली असते, म्हणजे तुटवडा दोन्ही बाजूंनी येतो, आणि या गुदमरलेल्या मुळावर पिथियम हा मूळकुज करणारा बुरशीसारखा सूक्ष्मजीव नेमका उष्ण पाण्यातच जोमाने वाढतो. मुळाभोवतीचे तापमान १८ ते २४ अंशांत राहिले तर मिरची सुखाने वाढते. २८ अंशांच्या पुढे सावध व्हावे लागते. झरीत एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी हाताला चटका देते, हे तेथील कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. तेच पाणी पंपाने मुळांवर फिरवले जात असेल तर त्यात कोणते खत घातले आहे या प्रश्नाला अर्थ उरत नाही.

म्हणून खताच्या आधी टाकीचा विचार व्हायला हवा. द्रावणाची टाकी गच्चीवर न ठेवता जमिनीवर, उत्तरेच्या भिंतीलगत किंवा अर्धी जमिनीत पुरून ठेवणे, तिला बाहेरून चुन्याची सफेदी देणे, भोवती ओले गोणपाट गुंडाळणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि कोरड्या हवेत ते चांगले काम करतात, कारण बाष्पीभवन होताना उष्णता ओढली जाते. रांजणाचा उपयोग करण्याचा मोह येथे साहजिक आहे, परंतु सच्छिद्र मातीच्या भांड्यात द्रावण थेट भरले तर क्षार भिंतीतून झिरपून बाहेर पांढरा थर धरतात आणि द्रावणाचे प्रमाण बिघडते. त्यापेक्षा रांजणात ओली वाळू भरून तिच्यात प्लास्टिकची बंद बादली बसवावी, म्हणजे गारवा मिळतो आणि क्षार आत राहतात.

आता एरोपोनिक्स. या पद्धतीत मुळे बंद पेटीत हवेत लोंबती ठेवून त्यांवर ठरावीक अंतराने अन्नद्रावणाचे तुषार मारतात. मुळांना प्राणवायू भरपूर मिळतो, हे तिचे खरे बलस्थान आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने विषाणूमुक्त बटाटा बियाण्याचे लहान कंद तयार करण्यासाठी ती यशस्वीपणे वापरली आहे. मात्र तेथे थंड हवा, देखरेखीला माणसे आणि विजेची पर्यायी सोय असते, व पिकाचे मूल्यही तेवढे असते. झरीत उन्हाळी दुपारी वीज गेली आणि पंप थांबला, तर हवेत लोंबणारी मुळे तासाभराच्या आत धोक्यात येतात, कारण त्यांच्याभोवती पाणी धरून ठेवणारे काहीच नसते. दुसरी अडचण पाण्याची: बोअरच्या जड पाण्यातील चुना तुषारांच्या बारीक छिद्रांत बसतो, एकेक तोंड बुजत जाते, आणि कोणते झाड तहानलेले आहे हे ते कोमेजल्याशिवाय कळत नाही. इन्व्हर्टर, गाळण, पावसाचे पाणी आणि दिवसातून दोनदा तपासणी करणारा माणूस, या चारही गोष्टी ज्या घरात आहेत त्याने एरोपोनिक्सचा प्रयोग जरूर करावा. इतरांनी मिरचीसाठी तिच्या वाटेला जाऊ नये, असेच या मासिकाचे मत आहे.

त्याऐवजी बादली पद्धत अधिक शहाणपणाची ठरते. १० ते १५ लिटरच्या बादलीत कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा आणि पर्लाइट म्हणजे भाजून फुलवलेला पांढरा हलका खनिज दाणा यांचे मिश्रण भरून प्रत्येक बादलीत एकच झाड लावायचे, ठिबकाच्या नळीने दिवसातून थोडे थोडे अनेकदा द्रावण द्यायचे आणि तळाशी निचऱ्याचे भोक ठेवायचे, एवढीच तिची रचना आहे. पंप अर्धा दिवस बंद पडला तरी माध्यमात ओल राहते, हात-झारीनेही काम निभते. पाचपैकी एक हिस्सा द्रावण खालून निथळून जाईल इतके पाणी द्यावे, म्हणजे क्षार साचत नाहीत. हा निचरा वाया न घालवता कढीपत्त्याला किंवा कुंडीतल्या फुलझाडांना घालता येतो. स्वस्त कोकोपीटमध्ये सोडियम व पोटॅशियम बरेच असते, म्हणून ते आधी साध्या पाण्याने धुऊन मग कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवावे, अन्यथा पहिले काही आठवडे झाडाला कॅल्शियम कमी पडते आणि फळाचे टोक काळे पडून आत धसते.

पाण्याची परीक्षा ही दुसरी पायरी. पाण्यातील एकूण क्षार विद्युतवाहकतेने, म्हणजे ईसीने मोजतात. मिरची क्षारांना मध्यम संवेदनशील आहे. अन्न व कृषी संघटनेच्या तक्त्यांनुसार मातीच्या संपृक्त अर्काची ईसी १.५ डेसिसिमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की पुढच्या प्रत्येक एककामागे ढोबळी मिरचीचे उत्पन्न सुमारे १४ टक्के घटते. मातीचा हा आकडा द्रावणाला जसाच्या तसा लावता येत नाही, तरी त्यावरून एवढे स्पष्ट होते की ज्या पाण्याची स्वतःचीच ईसी १.२ आहे त्यात खत घालायला जागाच थोडी उरते. अशा पाण्यात बायकार्बोनेटही जास्त असल्याने सामू, म्हणजे आम्ल-विम्लतेचा निर्देशांक, पुनःपुन्हा वर चढतो, तर मिरचीला तो ५.५ ते ६.५ लागतो. लिटरमागे ३०० मिलिग्रॅम बायकार्बोनेट असलेले पाणी केवळ फॉस्फोरिक आम्लाने ठिकाणावर आणायचे ठरवले तर लिटरमागे १२० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस जातो. गरज ४०-५० मिलिग्रॅमची असते, आणि जादा फॉस्फरस लोह व जस्त अडवून ठेवतो. नायट्रिक आम्ल हा शास्त्रीय पर्याय आहे, पण ते लेकराबाळांच्या घरात ठेवण्याची वस्तू नव्हे.

उत्तर पत्र्यावर पडणाऱ्या पावसात आहे. २० चौरस मीटर छपरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की सुमारे १००० लिटर पाणी मिळते. चार झाडांना दिवसाला सरासरी सहा लिटर धरले तर एवढा साठा साडेपाच महिने पुरतो. पहिल्या दोन सरींचे पाणी सोडून द्यावे आणि साठा प्रकाश न शिरणाऱ्या टाकीत ठेवावा. ज्या प्रदेशाने २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी येताना पाहिले, तेथे हा हिशेब कोणाला क्षुल्लक वाटू नये.

खताच्या बाबतीत कृषी सेवा केंद्रातून १९:१९:१९ ची पुडी आणून पाण्यात कालवण्याची सवय मोडायला हवी. ठिबकातून जमिनीला देण्यासाठी ते उत्तम खत आहे, परंतु त्यातील निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असते, जे जमिनीतले जिवाणू आधी नायट्रेटमध्ये बदलतात. बादलीत ते जिवाणू पुरेसे नसतात, आणि या खतात कॅल्शियम मुळीच नसते. पावसाच्या १०० लिटर पाण्यासाठी कॅल्शियम नायट्रेट ८० ग्रॅम, १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट ३५ ग्रॅम, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट २० ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ४० ग्रॅम आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांचे चिलेटेड मिश्रण वेष्टनावरील मात्रेत, असे द्रावण घेतले तर लिटरमागे नत्र सुमारे १७०, पालाशातील मूलद्रव्य म्हणजे पोटॅशियम १८५ आणि कॅल्शियम १५० मिलिग्रॅम मिळून ईसी १.८ ते १.९ येते, जी फुलोऱ्याला आलेल्या झाडाला योग्य आहे. रोपाला याचे निम्मे पुरते. कॅल्शियम नायट्रेट नेहमी वेगळ्या भांड्यात विरघळवावे, कारण तीव्र द्रावणे एकत्र आली की सल्फेट व फॉस्फेटशी त्याचा साका बसतो. लोह चिलेटपैकी ईडीटीए प्रकार सामू साडेसहाच्या वर गेला की निकामी होतो, म्हणून जड पाणी वापरणाऱ्याने डीटीपीए प्रकार मागून घ्यावा.

मातीच नाही म्हणजे रोगही नाही, हा समज मिरचीने कधीच खरा ठरू दिलेला नाही. पाने आकसवणारा चुरडा-मुरडा पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूमुळे, तसेच फुलकिडे व कोळी यांच्यामुळे होतो आणि हे सारे हवेतून येतात. बारीक जाळी, पिवळे-निळे चिकट सापळे आणि पाच टक्के निंबोळी अर्क यांना पर्याय नाही. जाळीत वारा कमी झाल्यास फुलोऱ्यात फांद्या सकाळी हलक्या हाताने हलवाव्यात, तेवढे परागीभवनाला पुरते.

हंगामाविषयी थोडी नम्रता बाळगावी लागेल. दिवस ३५ अंशांच्या वर आणि रात्र २४ च्या वर राहिली की फुले गळतात, मुळे कितीही गार ठेवली तरी. म्हणून झरीच्या हवामानात जूनमध्ये रोप टाकून सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत तोडा घेणे आणि मार्चअखेर झाड छाटून शेडनेटखाली केवळ जगवणे, हेच किफायतीचे आहे. वाणांत पुसा ज्वाला बुटकी व झुडपी असल्याने बादलीला सोयीची. ढोबळी मिरचीचा हट्ट नवख्याने पहिल्या वर्षी धरू नये. परभणी तेजस बादलीत कसा चालतो याची पद्धतशीर चाचणी विद्यापीठाने गच्चीच्या परिस्थितीत घ्यावी, ही मागणी या निमित्ताने नोंदवावीशी वाटते.

संच घेण्याच्या विचारात असलेल्या वाचकांनी आधी आपल्या बोअरचे एक लिटर पाणी प्रयोगशाळेत देऊन ईसी, सामू, बायकार्बोनेट व सोडियम तपासून घ्यावे, आणि ज्यांचे संच चालू आहेत त्यांनी येत्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता टाकीतील पाण्याचे तापमान रोज लिहून ठेवून त्या नोंदी या मासिकाकडे पाठवाव्यात.