खेळांतले विष्कंभक

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनींचें पत्र आमच्याकडे आलें. त्यांचे चिरंजीव कॉलेजांत असून सुटीचे दिवस व्हिडिओ-खेळांत घालवितात. आईनें हटकल्यास म्हणतात, "हा नुसता खेळ नव्हे, उत्तम चित्रपट आहे." त्यावर वडील विचारतात, "मग चित्रपटच कां पाहात नाहींस? तो अडीच तासांत संपतो तरी!" या खेळांना सिनेमाचें वळण लागलें त्यानें ते सुधारले कीं बिघडले, असा बाईंचा आम्हांस प्रश्न आहे.

वडिलांचा प्रश्न थट्टेचा दिसला तरी मुद्द्याचा तोच आहे. चित्रपटांत जें मिळतें तेंच खेळांत मिळत असेल, तर मधला सारा वेळ बोटें झिजविण्याचें कारण काय?

खेळ थांबवून पडद्यावर एखादा प्रसंग दाखविण्याची चाल नवी नाहीं. जपानांत १९८० सालीं निघालेल्या पॅकमॅनमध्यें कांहीं पायऱ्या पार केल्या कीं पाठलागाचा एक चिमुकला विनोदी प्रसंग दिसे. जातांना भूत मागें, येतांना भूत पुढें! खेळणाराच्या हाताला तेवढाच विसावा मिळे. पुढें १९८३ सालीं अमेरिकेंत ड्रॅगन्स लेअर हा खेळ आला. त्यांतील चित्रें डॉन ब्लुथ या नामांकित चित्रकारानें काढलेलीं असून तीं खरोखर मनोहर आहेत. परंतु खेळणारानें करावयाचें काय, तर नेमक्या क्षणीं दांडा नेमक्या दिशेस वळवावा किंवा तलवारीचें बटन दाबावें. चुकल्यास नायक मेला. आम्हीं सारा जन्म शाळेंत घालविला, तेव्हां ही जात ओळखण्यास आम्हांस वेळ लागला नाहीं. ही शुद्ध घोकंपट्टी आहे! त्यानंतर सीडी आल्या, जागेची ददात मिटली, आणि चलच्चित्रांस खेळांत मोकळें रान मिळालें. १९९७ सालचा फायनल फँटसी ७ हा खेळ तर तीन सीडींवर निघाला. या मधल्या चित्रदृश्यांस खेळणारे लोक कटसीन म्हणतात.

आमच्या वाचकांस या वस्तूचें आणखी एक नांव ठाऊक आहे. संस्कृत नाटकांत दोन अंकांच्या मध्यें विष्कंभक किंवा प्रवेशक येतो. झालेला व होणारा वृत्तांत थोडक्यांत सांगून तो अंकाला वाट करून देतो. तो संक्षिप्त असावा, अशी नाट्यशास्त्राची अपेक्षा आहे. येथें कोणी म्हणेल कीं, शाकुंतलांत दुर्वासाचा शाप विष्कंभकांतच आहे, आणि त्याहून महत्त्वाची घटना त्या नाटकांत दुसरी कोणती? आक्षेप बिनतोड वाटतो. पण शकुंतलेला तो शाप ऐकूंच येत नाहीं, आणि तिनें तेथें कांहीं केलेंही नाहीं. तो तिच्यावर कोसळला. कोळ्याजवळ अंगठी सांपडते तीही प्रवेशकांत, कारण तेथें दुष्यंताचें कर्तृत्व नाहीं. दुष्यंतानें तिचा अव्हेर केला तो मात्र भर अंकांत, आपल्या डोळ्यांदेखत. नायकावर जें गुदरतें तें विष्कंभकाला चालतें. नायक स्वतः जें करतो त्याची जागा अंकांत आहे. आणि खेळांतला अंक म्हणजे जेवढा वेळ सूत्रें खेळणाराच्या हातीं असतात तेवढा.

हें माप घेऊन आम्ही कांहीं खेळ पाहिले. म्हणजे आमचा नातू खेळला व आम्ही मागें खुर्ची टाकून बसलों. फायनल फँटसी ७ मध्यें एअरिथ नांवाच्या तरुणीचा प्रार्थना करीत असतां वध होतो, तो चित्रदृश्यांत. खेळणारास तेथें कांहींच करतां येत नाहीं, आणि तेंच योग्य आहे. परंतु लोकांनीं जो शोक केला तो केवळ त्या दृश्यामुळें असें आम्हांस वाटत नाहीं. जखमा बऱ्या करण्यांत तिचा हातखंडा. कित्येक तास जिच्या भरंवशावर लढाया मारल्या, तिची जागा आतां सोबत्यांच्या यादींत कायमची रिकामी! हा घाव सिनेमाला घालतां आला नसता.

हिदेओ कोजिमा या जपानी रचनाकाराच्या ठिकाणीं तर गुण आणि दोष एकत्र नांदतात. त्याच्या २००४ सालच्या मेटल गिअर सॉलिड ३ या खेळाच्या शेवटीं, जिनें नायकाला युद्धविद्या शिकविली ती त्याची गुरु शुभ्र फुलांच्या ताटव्यांत घायाळ होऊन पडली आहे, आणि तिचा अंत करण्याची नायकास आज्ञा आहे. तोंवर सारें चित्रपटासारखें चाललेलें असतें. त्या क्षणीं मात्र गोळी झाडण्याचें बटन खेळणारास स्वतः दाबावें लागतें. आमचा नातू बराच वेळ नुसता बसून राहिला. याच कर्त्यानें २००८ सालीं चौथ्या भागाच्या अखेरीस एक तासाहून अधिक लांबीचीं चित्रदृश्यें जोडलीं! पाहुण्याला ताट वाढून त्याचे हात बांधावे, आणि यजमानानें पक्वान्नांचें वर्णन करीत बसावें, तसा हा प्रकार आहे.

दुसरा एक दोष त्याहून सूक्ष्म आहे. दृश्यांत नायक हंसतमुख, दयाळु गृहस्थ. खेळांत तोच शेंकड्यांनीं माणसें मारतो. क्लिंट हॉकिंग या रचनाकारानें २००७ सालीं एका खेळावर टीका करतांना कथा व खेळ यांतील विसंवादाला ल्युडोनॅरेटिव्ह डिसोनन्स असें जडजंबाल नांव दिलें. २०१६ सालच्या अनचार्टेड ४ च्या कर्त्यांनीं एक हजार शत्रु मारणारासाठीं याच नांवाचें मानचिन्ह ठेविलें. दोष कबूल करण्याची ही तऱ्हा मोठी मिस्किल खरी, पण त्यानें दोष गेला नाहीं.

मग सिनेमाला हद्दपारच कां करूं नये? १९९८ सालच्या हाफ-लाइफमध्यें नायकाची दृष्टि आपल्यापासून क्षणभरही काढून घेतलेली नाहीं. सारी कथा चालतां-फिरतां घडते. परंतु शास्त्रज्ञ महत्त्वाचें बोलत असतां खेळणारा खुशाल पाठ फिरवून उभा राहूं शकतो. मागच्या बाकावरील विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. ही योजना सर्वांस मानवेल असें आम्हांस वाटत नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या मंडळीनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या राजी या खेळांत हरवलेल्या भावाच्या शोधार्थ निघालेल्या मुलीची कथा आहे. तींतील मधलीं दृश्यें छायाबाहुल्यांच्या धर्तीवर केलेलीं आहेत. पिंगुळीकडील चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ ज्यांनीं पाहिला असेल त्यांस त्यांत ओळखीचें कांहीं दिसेल. असा विष्कंभक कोणाला जड होणार?

आतां पत्रांतील घराकडे वळूं. चिरंजीव ज्याला चित्रपट म्हणतात तो खेळ २०१३ सालचा द लास्ट ऑफ अस हा आहे. (वेष्टणावरील वयाची अट बाईंनीं पाहावी, धाकट्या भावंडांसमोर खेळण्याजोगा हा खेळ नव्हे.) रोगानें उजाड झालेल्या अमेरिकेंतून जोएल नांवाचा प्रौढ गृहस्थ चौदा वर्षांच्या एलीला घेऊन जातो. तिच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केल्यास कदाचित् जगाला औषध मिळेल, पण ती मरेल. जोएल तिला सोडविण्यासाठीं शस्त्रक्रियागृहांत शिरतो. डॉक्टर हातांत शस्त्र घेऊन आडवा उभा राहतो. त्याला मारल्याविना खेळ पुढें जात नाहीं, आणि मारावयाचें खेळणारानें. २०२३ सालीं याच कथेची एचबीओनें दूरचित्रवाणी-मालिका केली. तिच्यांतही डॉक्टर मरतो. पण पाहणारा कोचावर बसून जोएलचा न्याय करतो. खेळणारास तशी सोय नाहीं. त्याला निवड नव्हती, हें खरें. निवड नटालाही नसते, तरी खड्ग तोच उचलतो. आणि नटाला रसास्वाद होतो कीं नाहीं यावर आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं थोडा का वाद घातला आहे!

अशा खेळांतील दृश्यें एकत्र जोडून त्यांचे सलग चित्रपट लोक यूट्यूबवर ठेवतात. वडिलांनीं चिरंजिवांसह तसा एक पाहावा. मुलगा मुकाट्यानें शेवटपर्यंत बसला, तर वाद वडिलांनीं जिंकला. पण मध्येंच तो "येथें खरी गोष्ट गाळली आहे" असें म्हणाला, तर ती कोणती, हें वडिलांनीं नीट ऐकून घ्यावें. या खेळांत तो तसें म्हणेल असा आमचा अंदाज आहे.

बाईंना निराळेंच सुचवितों. याच खेळांत, उध्वस्त शहरांत जिराफांचा कळप भेटण्याचा एक प्रसंग आहे. एली जिराफाला कुरवाळते, आणि मग सज्जाशीं उभें राहून तो कळप हवा तितका वेळ पाहावा. तेथून कोणी पुढें ढकलीत नाहीं. त्या वेळीं कंट्रोलर आपल्या हातीं मागून घ्यावा. बटन कोणतें दाबावयाचें तें चिरंजीव सांगतीलच.