जेद्दा पाच तासांवर, परभणीपासून किती?

परभणी, जिंतूर, पाथरी, मानवत, सेलू येथून आपले बांधव कामधंद्यासाठी आखाती देशांत जातात, उमऱ्यालाही जातात. तिकीट काढताना एजंट सांगतो, "मुंबई ते जेद्दा पाच-साडेपाच तास, बस." एजंट खोटे बोलत नाही. पण त्याचा हिशेब मुंबईच्या धावपट्टीपासून सुरू होतो आणि आपला घराच्या उंबरठ्यापासून.

मुंबई-जेद्दा हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर आहे. परभणी-मुंबई लोहमार्ग सुमारे 550 किलोमीटर. म्हणजे जमिनीवरचा प्रवास हवेतल्या प्रवासाच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. पण त्याला नेहमीच्या गाडीने दहा तासांच्या आसपास लागतात. त्यात स्टेशन ते विमानतळ आणि उड्डाणापूर्वीचे तीन तास मिळवा. पाच तासांच्या उड्डाणासाठी पूर्ण दिवस जातो. दुकान तेवढे बंद आणि कारागिराची मजुरी तेवढी बुडीत.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, मुंबईची सवय सोडून हैदराबादचाही हिशेब मांडावा. परभणी-सिकंदराबाद लोहमार्ग सुमारे 330 किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा 220 किलोमीटर कमी. 1948 पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानातच होता. तिकडे नातीगोती आणि व्यापारी ओळखी आजही आहेत. 2008 साली सुरू झालेल्या शमशाबाद विमानतळावरून जेद्दा सुमारे 4,140 किलोमीटर पडते. हवेत साधारण पाऊण तास जास्त जातो, पण जमिनीवर तीन-चार तास वाचतात.

याला दुसरी बाजूही आहे. मुंबईहून उड्डाणे जास्त असल्याने भाडे कधी कधी कमी पडते. ऑगस्ट 2025 पासून नांदेडपर्यंत वाढवलेली वंदे भारत परभणीहून सुमारे नऊ तासांत मुंबई गाठते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद)-परभणी या 177 किलोमीटर मार्गाच्या दुहेरीकरणाला केंद्राने जुलै 2025 मध्ये मंजुरी दिली. ते काम पूर्ण झाले म्हणजे गणित पुन्हा बदलेल. पण एकेरी मार्गावर क्रॉसिंगसाठी गाडी थांबते तोवर वेळेचा भरवसा धरू नये.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिकिटावर सुटण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाप्रमाणे असते. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. त्यामुळे जाताना प्रवास अडीच तास कमी भासतो आणि येताना तेवढाच जास्त. दुसरे असे की, वाटेत विमान बदलायचे असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्यावेत. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे चुकले तर एकाच तिकिटावर पुढची सोय कंपनीला करावी लागते. वेगवेगळी तिकिटे असतील तर नुकसान आपल्याच खिशातून जाते.

व्यापारी माल घेताना भावाबरोबर हमाली आणि भाडेही जोडतो, तेव्हाच खरी किंमत कळते. प्रवासाचाही हिशेब तसाच करावा. एजंटाला "विमान किती तासांचे?" एवढेच विचारून थांबू नका. घर सोडल्यापासून मुक्कामी पोहोचेपर्यंतचे तास आणि रुपये मुंबईमार्गे व हैदराबादमार्गे असे कागदावर शेजारी शेजारी मांडा, आणि मगच पैसे मोजा.