लॉब कोठे मारावा?

स्क्वॉश हा खेळ शाळकरी मुलांनी जगास दिला आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातील हॅरो येथील शाळेत, रॅकेट्स या जुन्या खेळापासून, मऊ रबरी चेंडूच्या साहाय्याने तो उत्पन्न झाला. आपल्या मुंबईसही तो परका नाही. पुढे जगद्विख्यात झालेला हाशिम खान याने 1944 साली अखिल भारतीय अजिंक्यपद मुंबईतच मिळविले. 2028 च्या लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत या खेळाचा प्रथमच समावेश व्हावयाचा आहे. तेव्हा आपल्या मुलांचे लक्ष तिकडे वळले तर नवल नाही.

परंतु मुलांचा खेळ पाहावा, तर जो तो चेंडूवर तुटून पडतो. प्रेक्षकांत बसलेले वडीलही 'जोराने मार!' असाच उपदेश करितात. चेंडू उंच, सावकाश, प्रतिस्पर्ध्याच्या डोक्यावरून मागील कोपऱ्यात टाकणे, म्हणजेच लॉब, हा दुबळ्याचा फटका अशी समजूत पडली आहे. ही समजूत आम्हांस सर्वथैव चुकीची वाटते. पुढच्या कोपऱ्यात धावत जाऊन, तोल सांभाळीत चेंडू कसाबसा गाठलेल्या खेळाडूने जोराचा फटका मारिला, तर तो चेंडू त्याच वेगाने परत येतो आणि हा अद्याप कोपऱ्यातच असतो. लॉब मात्र त्यास कोर्टाच्या मध्यावर परतण्यास अवधी देतो. सहा वेळा ब्रिटिश ओपन जिंकणाऱ्या जोना बॅरिंग्टनने या फटक्याची थोरवी जगास दाखविली आहे.

मात्र लॉब नेमका कोठे मारावा? बहुतेक मुले उत्तर देतील, 'मागच्या कोपऱ्यात.' आमचे मत असे की, हे उत्तर अपुरे आहे. कोपरा हे फळ होय; नेम धरावयाचा तो भिंतीवर.

भूमितीच्या तासास जे शिकविले जाते, ते येथे उपयोगी पडते. कोर्ट 32 फूट लांब व 21 फूट रुंद असते. समजा, खेळाडू पुढच्या डाव्या कोपऱ्यात, डाव्या भिंतीपासून 3 फुटांवर व पुढच्या भिंतीपासून 6 फुटांवर आहे. त्यास चेंडू तिरपा उजवीकडे न्यावयाचा आहे. मुले बहुधा पुढच्या भिंतीच्या मध्यावर नेम धरितात. आपात व परावर्तन यांचे कोन समान मानून हिशेब केला, तर असा चेंडू पुढच्या भिंतीपासून अवघ्या साडेआठ फुटांच्या आतच उजव्या भिंतीस लागतो आणि मध्याकडे उसळून प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयता जातो. तोच नेम डाव्या भिंतीपासून पावणेसात फुटांवर, म्हणजे रुंदीच्या सुमारे एक-तृतीयांशावर धरिला, तर चेंडू सुमारे 23 फुटांवर, सर्व्हिस बॉक्सच्या मागील कडेपाशी, उजव्या भिंतीस स्पर्श करितो. तेथे त्याचा वेग मोडतो व तो कोपऱ्यात उतरतो.

आता उंची. बाजूच्या भिंतीवरील मर्यादारेषा पुढे 15 फूट उंच असून उतरत उतरत मागे 7 फुटांवर येते. वरील जागी ती सुमारे नऊ फुटांवर असते. रेषेस नुसता स्पर्श झाला तरी चेंडू बाद ठरतो. म्हणून तेथे तो रेषेच्या किंचित खाली लागावा. परंतु मध्यावरून जाताना तो प्रतिस्पर्ध्याच्या उंचावलेल्या रॅकेटीहून वर असलाच पाहिजे. यास्तव पुढच्या भिंतीवर चेंडू उंच व हळुवार लागावा, आणि रॅकेट चेंडूखाली नेऊन तो उचलावा.

बाजूच्या भिंतीस न लागलेला तिरपा लॉब मागच्या भिंतीवर आदळून पुन्हा पुढे येतो. आपल्याकडील उष्ण हवेत रबरी चेंडू तापून अधिक उसळतो. म्हणून या स्पर्शाची निकड आपल्या मुलांस विशेष आहे.

सरळ लॉब कधीच मारू नये, असे आमचे म्हणणे नाही. प्रतिस्पर्धी तिरप्या चेंडूची वाट पाहत आधीच त्या बाजूस झुकला असेल, तर जवळच्या भिंतीलगत सरळ टाकलेला लॉब त्यास चकवितो. पण तो भिंतीस फार पुढे लागला की मध्यावर येतो, आणि भिंतीपासून दूर राहिला की सहज मारता येतो. म्हणून नवशिक्याने प्रथम तिरपा लॉब साधावा.

पालकांस एवढीच विनंती की, मुलाने लॉब टाकिला असता त्यास भित्रा म्हणू नये. धापा टाकीत असताही ज्यास दूरच्या भिंतीवरील एक जागा दिसते आणि जो हात आवरून तेथेच चेंडू पाठवितो, त्याने बळाहून अवघड गोष्ट साधिली आहे. विद्यार्थ्यांनी भिंतीवर खडूने खूण करून रोज पन्नास लॉब टाकावे. खुणेस किती लागले, ते मोजावे. किती जोराने लागले, ते विचारू नये.