भग्न मूर्तीस कल्पनेचा हात लावावा काय ?

मोडलेली मूर्ति पाहिली कीं ती पुरी करावी, अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. तथापि ती इच्छा आवरण्यांतच मूर्तिकाराचा खरा आदर आहे, असें आमचें मत आहे. रोम येथील लाओकूनच्या संगमरवरी शिल्पाचा इतिहास या बाबतींत मोठा बोधप्रद आहे.

ग्रीकांचा लांकडी घोडा नगरांत घेऊं नका, असा इशारा ट्रॉयच्या लाओकून नामक पुरोहितानें दिला. पुढें समुद्रांतून आलेल्या दोन सर्पांनीं त्याला व त्याच्या दोघां पुत्रांना विळखा घातला, अशी कथा आहे. हा प्रसंग ऱ्होड्स बेटांतील हागेसांद्रोस, पोलिदोरोस व अथेनोदोरोस या तिघांनीं पाषाणांत कोरला, असें प्लिनी या रोमन ग्रंथकारानें पहिल्या शतकांत नमूद केलें. कालांतरानें शिल्प मातीखालीं गेलें. नोंद तेवढी ग्रंथांत राहिली.

इ. स. १५०६ च्या जानेवारींत तें एका द्राक्षमळ्यांत सांपडलें आणि त्या नोंदीवरूनच ओळखलें गेलें. परंतु लाओकूनचा उजवा हात नव्हता. तो वर उगारलेला असावा, अशा समजुतीनें तसा हात करून बसविण्यांत आला, व शेंकडों वर्षें लोकांनीं तोच खरा मानला. विसाव्या शतकाच्या आरंभीं लुडविग पोलाक या विद्वानास रोममधील एका पाथरवटाच्या आवारांत कोपरांत दुमडलेला संगमरवरी हात मिळाला. तो लाओकूनचा असल्याचें त्यानें ताडलें व व्हॅटिकनच्या संग्रहालयास दिला. १९५७ सालीं तो मूर्तीचाच हात ठरला. हें ऐकण्यास पोलाक हयात नव्हता. तो यहुदी होता. १९४३ च्या ऑक्टोबरांत नाझींनीं त्याला सहकुटुंब रोममधून ऑशविट्झच्या छावणींत नेलें, तेथून तो परतला नाहीं.

अपुरी मूर्ति सामान्य प्रेक्षकास विद्रूप दिसते, असें कोणी म्हणतील. दिसो बापडी ! रिकामी जागा पाहून मनुष्य शोध करूं लागतो. कल्पनेनें भरलेली जागा पाहून तो समाधान मानून पुढें जातो.

विद्यार्थिमित्रहो, इतिहासाच्या उत्तरांत काय, किंवा दुसऱ्याविषयीं बोलतांना काय, जें ठाऊक नाहीं तेथें जागा मोकळी सोडण्याचें धैर्य बाळगा. आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, मुलानें प्रामाणिकपणें "मला ठाऊक नाहीं" म्हटल्यास त्यास रागावूं नये. त्याच्यासह उत्तर शोधावयास बसावें.