सत्कार झाले, आता निधी उभारा

नीटचा निकाल लागला की गावोगावच्या विहारांत गुणवंतांचे सत्कार सुरू होतात. पुष्पगुच्छ, बाबासाहेबांचा ग्रंथ, टाळ्या. त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न पुढच्या महिन्याचा आहे. वसतिगृहाची अनामत, मेस, पुस्तके, अ‍ॅप्रन हा खर्च प्रवेशाबरोबरच दारात उभा राहतो, शिष्यवृत्ती मात्र सवडीने खात्यात येते. त्यातही पालकांचे वार्षिक उत्पन्न २.५ लाखांच्या वर असले की निर्वाह भत्ता नाही. फ्रीशिपमध्ये शिक्षण शुल्क माफ होते, जेवण नाही. सरकारी शिपाई, एसटी कंडक्टर, पालिकेचे सफाई कामगार यांची मुले नेमकी इथेच अडकतात.

अमेरिकेत डॉ. फ्रँकलिन मॅक्लीन या गोऱ्या डॉक्टरने १९४६ मध्ये शिकागोत कृष्णवर्णीय डॉक्टरांच्या शिक्षणासाठी पैसा उभा करणारी संस्था काढली. (त्याच वर्षी बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले होते.) मॅक्लीन आज नाहीत, संस्था नॅशनल मेडिकल फेलोशिप्स या नावाने चालूच आहे.

आपल्यातही आता डॉक्टरांची दुसरी पिढी दवाखाने चालवते आहे. दरवर्षी पाच हजारांचे पाकीट देण्यापेक्षा त्यांनी कायम निधी बांधावा. मुद्दलाला हात लावायचा नाही, वाटायचे ते व्याज. १० लाख रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७० हजार येतात. दोन विद्यार्थ्यांच्या मेसचा बराचसा भार त्यातून उचलला जाईल. रुपया झिजतो, म्हणून व्याजातला थोडा भाग मुद्दलात परत टाकावा. एकट्याला ही रक्कम जड वाटेल, पण दहा डॉक्टरांनी प्रत्येकी १ लाख काढले तर जमते. न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवावा आणि दरवर्षी हिशेब छापावा. आपल्या किती संस्था हिशेबावरून फुटल्या, हे वाचकांना सांगायला नको.

मदत देतानाचा फोटो नसला तर उत्तम. पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र राहिले म्हणून मदत तोडणेही मला पटत नाही. मराठी माध्यमातून आलेली मुले त्याच वर्षी सर्वांत जास्त चाचपडतात, आणि तेव्हाच घरून परत येण्याचा आग्रह सुरू होतो. एमबीबीएसचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा. पुढे इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन मिळते. तेव्हा शब्द साडेचार वर्षांचाच द्यावा. आणि पहिला हप्ता वसतिगृहाची अनामत भरण्याच्या तारखेआधी हातात पडावा.