मनीचं घमेलं आणि पाचवी समिती



मागच्या महिन्यात एका ओळखीच्या भाभींचा फोन आला. त्यांच्या मांजरीने आठ दिवसांत दोनदा गादीवर लघवी केली होती. "उद्या हे तिला पोत्यात घालून रुळांच्या पलीकडे सोडून येणार आहेत," त्या म्हणाल्या. विचारत नव्हत्या, सांगत होत्या. वर हेही सांगितलं की मारणार थोडीच आहोत, सोडणार आहोत.

घाटनांदूरला हा उपाय नवा नाही. घरात घाण केली की मांजर पोत्यात जातं आणि पोतं कुणाच्या तरी मोटारसायकलवर. आपण दिव्याभोवतीचा किडा मरू नये म्हणून वात झाकतो, पाणी गाळतो, जिवाणी जपतो, आणि पाच वर्षं घरात वाढलेला पंचेंद्रिय जीव अनोळखी कुत्र्यांमध्ये सोडून येतो. ही दया नव्हे. अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणीच पाठ केलेत. बंध, वध, छेद, अतिभार आणि अन्नपाननिरोध. पोत्यात घालणं बंधात बसतं आणि सोडून देणं सरळ अन्नपाननिरोधात. सरकारी कायदाही वेगळं सांगत नाही. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे.

मी भाभींना एवढंच म्हटलं, आठ दिवस थांबा, आणि तिचं घमेलं कुठे ठेवलंय ते सांगा.

हे मी शहाणपणाने म्हटलं असं समजू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरी हे सगळं होऊन गेलंय.

आमच्याकडे मनी आणि तिचा मुलगा भुऱ्या. मी मांजर पाळलं नाही. मनी एका पावसाळ्यात पाय लंगडत ओट्यावर आली आणि राहिली. पंधरा कर्मादानांतलं शेवटचं, असतीजन-पोषण, मला दोघी-तिघींनी आठवण करून दिलं. ते मला माहीत आहे. कमाईसाठी असे जीव वाढवणं त्यात येतं, म्हणून मांजराची पिल्लं विकत घेणं किंवा विकणं मला मान्य नाही. दारात आलेल्या जखमी जिवाला हाकलणं मात्र मला त्या यादीत कुठे दिसलं नाही.

तर एक दिवस मनीने सासूबाईंच्या सामायिकच्या आसनावर लघवी केली. लोकरीचं आसन, मुहपत्ती शेजारीच. सासूबाई अठ्ठेचाळीस मिनिटं ज्यावर बसतात ते आसन! त्या दिवशी घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. "एक तर ती राहील नाहीतर मी," इथवर आलं.

मी काय केलं? जे सगळ्या करतात तेच. मनीचं नाक त्या जागेवर घासलं, दोन चापट्या दिल्या, आणि घमेलं रोज काळ्या फिनेलने धुवायला लागले. तिसऱ्या दिवसापासून ती घमेल्याकडे फिरकलीच नाही. नंतर कळलं की तिन्ही गोष्टी उलट्या केल्या होत्या. नाक घासल्याने मांजर एवढंच शिकतं की ही बाई भीतीदायक आहे, म्हणजे पुढच्या वेळी ते पलंगाखाली लपून करतं. आणि फिनेल तर विषच. काळ्या फिनेलमधले फिनॉलसारखे पदार्थ मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, पांढऱ्यातलं पाइन तेलही त्यांना बाधतं. मांजर त्यावरून चालतं, मग पंजे चाटतं. स्वच्छतेच्या नावाखाली मी तिला रोज थोडं थोडं विष देत होते. मिच्छामि दुक्कडम् मी त्या वर्षी मनीलाही म्हटलं, हसायचं तर हसा.

मग मी तिच्या बाजूने बघायला लागले. घमेलं न्हाणीत, वॉशिंग मशीनच्या पायाशी होतं. मशीन घुसळायला लागलं की मीच दचकते, तिथे ती बसलेली असताना काय होत असेल? शिवाय न्हाणीला एकच दार, आणि भुऱ्या बऱ्याचदा दारात दबा धरून. मांजराला शौचाला बसताना पळायची वाट दिसावी लागते. त्या वेळी ते सगळ्यांत असहाय असतं आणि त्याला ते माहीत असतं. मी घमेलं मागच्या पडवीच्या कोपऱ्यात नेलं. शांत जागा, दोन्हीकडून मोकळी, जेवणाच्या वाटीपासून लांब. आपण तरी संडासाजवळ ताट घेऊन बसतो का?

आणि घमेली तीन केली. मांजरं जितकी, त्याहून एक जास्त, हा जाणकारांचा साधा हिशोब आहे. सासूबाई म्हणाल्या, माणसांना एक संडास आणि मांजरांना तीन! बरोबरच होतं त्यांचं. पण तीन घमेल्यांची किंमत एका सामायिकच्या आसनापेक्षा कमी पडली. सगळी एकाच ठिकाणी ओळीने ठेवू नका, मांजराच्या लेखी ते एकच ठिकाण होतं. गवंडीकामाचं प्लास्टिकचं मोठं घमेलं यासाठी उत्तम. मांजर आत उभं राहून सहज वळलं पाहिजे, शेपूट सोडून त्याच्या लांबीच्या दीडपट तरी. म्हाताऱ्या किंवा लंगड्या मांजरासाठी एक बाजू बुटकी हवी. मनीच्या पायाचा विचार मी आधी केलाच नव्हता.

आत काय घालायचं यावर आमच्याकडे बरेच प्रयोग झाले. बंबातली राख घातली, तर घरभर पंजे उमटले, आणि ओली राख खारी असते, पायाला झोंबते. गंमत म्हणजे अमेरिकेतही हेच झालं होतं. १९४७ साली मिशिगनमध्ये एका शेजारणीने एड लोव नावाच्या माणसाकडे मांजरासाठी वाळू मागितली, कारण राखेचे काळे पंजे घरभर उमटत होते. त्याने वाळूऐवजी तिला एक शोषक माती दिली आणि त्यातून पुढे मांजराच्या मातीचा मोठा धंदा उभा राहिला. ती माती म्हणजे आपली मुलतानी माती! आपण तोंडाला लावतो ती. हल्ली पिशवीत मिळणारी, ओली झाली की गोळा होणारी माती बहुधा बेंटोनाइटची असते. आपल्याकडे ते कच्छमध्ये निघतं. चांगली असते, पण आपल्या गावात कुरिअरने मागवावी लागते, महाग पडते, आणि खाणीतून पृथ्वीकाय काढवून दर महिन्याला फेकायचे हे माझ्या मनाला पटेना. सुगंधी तर अजिबात घेऊ नका. गुलाबाचा वास तुमच्या नाकाला बरा, मांजराला तो उग्र लागतो.

वखारीतला लाकडाचा भुसा मनीने नाकारला. शेवटी टिकली ती बारीक, कोरडी, चाळलेली वाळू. उन्हात तापवून ठेवलेली, तीन-चार बोटं जाड. हल्ली वाळू सोन्याच्या भावाने मिळते हे खरं, पण बांधकामावरची दोन घमेली मागितली तर कोणी नाही म्हणत नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसले ते. यातलं काहीच न चुकता भुऱ्याने अचानक बाहेर करायला सुरुवात केली. दिवसभर घमेल्यात जायचा, बसायचा, ओरडायचा, दोन थेंब फरशीवर टाकायचा. मी दोन दिवस त्याला रागावले. धंदे करतोय म्हटलं. तिसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं, उलटी केली, तेव्हा लातूरला एका डॉक्टरांकडे नेलं. मूत्रमार्ग अडला होता. बोक्याची ती नळी फार अरुंद असते, बारीक खड्यांनी किंवा चिकट गाळाने बुजते. पूर्ण बुजली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. नळी घालून लघवी काढली, तीन दिवस सलाईन. वाचला. पण त्या दोन दिवसांत मी त्याला पोत्यात घातलं असतं तर? पोत्यात गेलेल्या मांजरांपैकी किती आजारी असतील हा विचार माझ्या मनातून जात नाही. वेदना होतात म्हणून मांजर घमेलं टाळतं, कारण त्याला वाटतं दुखणं त्या घमेल्यामुळे आहे. आपण त्याला खोड म्हणतो.

म्हणून बोका वारंवार बसतोय आणि लघवी येत नाही, किंवा लघवीत रक्त दिसतंय, तर उद्यावर टाकू नका. उदगीरला आणि परभणीला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. आणि आपल्या उन्हाळ्यात मांजर मुळात पाणी कमी पितं; घरात दोन-तीन ठिकाणी गाळलेलं पाणी ठेवा. दूध म्हणजे पाणी नव्हे. मोठ्या मांजरांपैकी बऱ्याच जणांना दूध पचत नाही, जुलाब होतात, मग घमेल्यापर्यंत पोचणंच होत नाही. आपल्या घरातल्या दूध-पोळीवरच्या मांजरांची अर्धी तक्रार तिथे आहे. मांजराने काय खावं हा आपल्यासाठी सगळ्यांत अवघड प्रश्न, त्यावर स्वतंत्र लिहीन.

भुऱ्या बरा झाल्यावर भिंतींवर उभ्याने फवारे मारायला लागला. ते घमेल्याचं दुखणं नाही, वयात आलेल्या बोक्याची हद्द आखणं आहे. त्यावर खरा उपाय नसबंदी. इथे माझं पाऊल अडलं, कारण अतिचारांत छेद आहे. मी साध्वीजींना विचारलं नाही; सावद्य कामाला हो म्हणा अशा पेचात त्यांना टाकणं बरं नाही. निर्णय माझा मी घेतला. दर वर्षी जन्मून गाड्यांखाली, कुत्र्यांच्या तोंडी जाणारी पिल्लं एका बाजूला आणि भूल देऊन केलेला एक छेद दुसऱ्या बाजूला. मी छेद घेतला, आणि त्याची आलोचनाही केली. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण मग पुढच्या पिल्लांची जबाबदारी घेणार का, हेही सांगा.

राहिलं परठवणं. पाचवी समिती उत्सर्गाची. कोणी परिष्ठापनिका म्हणतं, दिगंबर बहिणी प्रतिष्ठापन म्हणतात. मलमूत्र कुठे टाकायचं, तिथे जीव नाही ना, हे आधी पाहायचं. पौषधात आपण स्वतःसाठी जागा पडिलेहण करून ठेवतोच. मग जे मांजर आपल्या घरात राहतं आणि स्वतः यतना करू शकत नाही, त्याच्या वाट्याची यतना कोणाची? मला वाटतं सगळा प्रश्न इथेच आहे. आपण घमेलं चार-चार दिवस तसंच ठेवतो, मग मांजराला घाणेरडं म्हणतो. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी तिखट आहे. घाणेरडं घमेलं नाकारतं ते मांजर आपल्यापेक्षा स्वच्छ.

मी सकाळ-संध्याकाळ जुन्या झाऱ्याने घाण काढते. झाऱ्याला लाल दोरा बांधलाय, नाहीतर एखाद्या पाहुणीने त्यात पुऱ्या तळल्या असत्या. ओली वाळूही काढते. परसात उन्हाच्या कोपऱ्यात, मुंग्या नाहीत ना पाहून, पूंजणीने जागा झाडून, कोरड्या मातीखाली टाकते. कोथिंबिरीच्या वाफ्यात नाही, नालीत नाही. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या जंतूंचा रोग येऊ शकतो, पोटुशीने हे काम करू नये. दुसरं कोणीच नसेल तर हातमोजे घालून, रोजच्या रोज. ताज्या विष्ठेतले ते जंतू लागण करण्याजोगे व्हायला एक दिवस तरी लागतो. पण सून पोटुशी आहे म्हणून मांजर पोत्यात घालायची गरज नाही.

बिघडलेली गादी साध्या साबणाने धुवून, खाण्याचा सोडा टाकून कडक उन्हात दोन दिवस. वास जराही राहिला तर ते परत तिथेच जाईल. अमोनियावाली साफसफाईची द्रव्यं वापरू नका, त्यांचा वास लघवीसारखाच असतो.

त्या भाभींचं घमेलं कूलरच्या मागे निघालं. हलवलं, आता ठीक आहे म्हणतात. सासूबाईंचं आसन मात्र रात्री कपाटात असतं आणि त्या अजून मनीशी थेट बोलत नाहीत, माझ्यामार्फत बोलतात. चौमासी चौदस जवळ आली आहे. पावसात वाळू ओली राहते, परठवायला कोरडी जागा सापडत नाही, जीवोत्पत्तीही फार. म्हणून या आठवड्यात दोन पोती वाळू चाळून, तापवून, तेलाच्या रिकाम्या डब्यांत भरायची आहे, आणि पडवीच्या पत्र्याखाली एक कोपरा त्यासाठी मोकळा करायचा आहे.